दम ऐकणारे पंच

हुतूतूच्या सामन्यात चढाईला गेलेला गडी पकडला गेला, की आमचे घरमालक डोळे मिटून घेत. इतर पंच अशा वेळी डोळे फाडून बघतात. हे मात्र त्या ढिगाऱ्याजवळ जात, गुडघ्यांवर हात टेकून वाकत आणि स्वस्थ उभे राहत. खाली पाच-सहा जण एकाला वाळूत दाबून धरताहेत, तो ‘हुतूतू हुतूतू’ करत मधल्या रेघेकडे सरपटतो आहे, भोवती माणसं घसा फुटेपर्यंत ओरडताहेत, आणि वर हा पांढऱ्या धोतरातला, काळ्या टोपीतला उंच माणूस डोळे मिटून वाकलेला. दम तुटला की शिट्टी.

“डोळा लाच खातो,” ते म्हणत. “आपल्या गावचा गडी दिसला की त्याला जास्ती दिसतं, दुसऱ्याचा दिसला की कमी. कानाला गाव न्हाय.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं ते नेमकं सांगता येणार नाही, आणि अंदाजाने आकडा ठोकून देणं मला आवडत नाही. पुष्कळ वेळा ऐकलं, एवढं खरं.

पन्नास सालानंतर लवकरच मी बारामतीच्या बाजारपेठेत अडत्याकडे हिशेबनीस म्हणून लागलो, आणि त्यांच्या किराणा दुकानाच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. सगळा गाव त्यांना आबा म्हणत असे. मी रकमेची बेरीज वरून खाली आणि खालून वर अशी दोनदा करतो हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात पाहिलं आणि म्हणाले, “कारकून, तू गुण मांडायला बस.” तेव्हापासून कऱ्हेच्या वाळवंटात सामना असला की मी टेबलाशी आणि ते मैदानात, असं सहा-सात वर्षं चाललं.

मैदानात ते अनवाणी उतरत. सामन्याआधी दोन्ही संघांचं पाणीसुद्धा पीत नसत. स्वतःची कळशी घरून आणत आणि ती माझ्या टेबलाखाली ठेवत. एकदा जळोचीच्या संघाने त्यांना ऊस दिला. त्यांनी तो घेतला, मोडून अर्धा त्या संघाला आणि अर्धा समोरच्या संघाला दिला, आणि दोघांनाही सांगितलं, “खावा, आन् मग खेळताना पोटात दुखलं तर माझ्याकडं येऊ नका.”

जळोचीचा तो संघ त्यांच्या मेहुण्याचा होता, हे मला नंतर कळलं. त्याच सामन्यात त्यांनी मेहुण्याला दम गेला म्हणून बाद केलं होतं. संध्याकाळी मी दुकानात बसलो होतो तर आतून काकूंचा आवाज आला.

“माझ्या भावाचा दम न्हाय जात. लहानपणी विहिरीत बुडी मारली की आमी रडायला लागायचो, तवा तो वर यायचा.”

“विहिरीत तो तोंड मिटून ऱ्हायचा,” आबा इकडून म्हणाले. “हितं तोंड उघडायचं असतं.”

“तुमी तेवढं उघडू नका आज. ताटावर बसाल तवाच उघडा.”

त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं. आबांनी ती पूर्ण ओरपली आणि मला, मी त्यांच्याकडे जेवायला होतो, हळूच म्हणाले, “तक्रार करू नको. ही त्यांची चढाई हाय.”

घराच्या मागे आड होता. पाणी शेंदण्यावरून आम्हा चार बिऱ्हाडांत रोज कुरबुर होई. आबा गल्ल्यावरून उठून, पितळी शिट्टी गळ्यात तशीच, मागे येत. दोन्ही बाजू ऐकून घेत. मग ज्याची चूक असेल त्याला, बाई असो की बाप्या, ओट्याकडे बोट दाखवून म्हणत, “भाईर.” मग त्या माणसाने बादली खाली ठेवून ओट्यावर बसायचं आणि बाकीच्यांचं पाणी भरून झालं की उठायचं. आश्चर्य म्हणजे माणसं बसत. मीही बसलो आहे. ओट्यावर बसलेल्याला पुन्हा कुणी बोल लावत नसे, हा त्यातला मोठा फायदा होता. बसून झालं की फिटलं.

स्पर्शाच्या बाबतीत त्यांचा हट्ट नसे. गड्याला हात लागला की नाही अशी शंका आली तर ते दोघांनाही विचारत, रेघेवरच्या माणसाला विचारत, आणि आपण चुकलो असं वाटलं तर तिथेच, मोठ्याने, “माझी चूक, गडी आत” असं म्हणत. दमाच्या बाबतीत मात्र कुणाचं ऐकत नसत. दम त्यांनीच ऐकायचा आणि तुटला की नाही हेही त्यांनीच ठरवायचं. त्यावर कुणी तोंड उघडलं की म्हणत, “नारळ घेताना तू माझ्याकडंच येतोस ना? मग दमाचं पण माझ्याकडंच ऱ्हाऊ दे.”

नारळाचं खरं होतं. दुकानात नारळ घ्यायला आलेल्या माणसाला ते निवडू देत नसत. उजव्या हाताने नारळ उचलून कानाशी हलवत, डोळे मिटत, आणि आतलं पाणी ऐकून सांगत: हा देवाला ने, हा चटणीला ने, हा नको. हा त्यांचा अंदाज क्वचितच चुके. नरसिंहपूरला नवस फेडायला जाणारी माणसं वाटेत उतरून त्यांच्याकडून नारळ घेत, कारण देवापुढे फोडल्यावर तो कुजका निघण्याची भीती नसे.

आता हुसेनची गोष्ट.

हुसेन इंदापूरचा. त्याच्या घरची भाजीची आणि पेरूची बाग होती, आणि तो स्वतः इंदापूरच्या बाजारात तराजू घेऊन बसत असे. बुटका, रुंद, मान जवळजवळ नसलेला. चढाईला आला की हसत येई आणि समोरच्या गड्यांना नावाने हाका मारी. दम धरला की मात्र आवाज इतका खालचा लावी की विहिरीवरच्या मोटेच्या चाकाची आठवण व्हावी. बारामतीच्या पोरांना तो आवडत नसे, म्हणजे ते त्याला घाबरत.

त्या सालच्या शेवटच्या सामन्यात, बारामती विरुद्ध इंदापूर, वेळ संपत आली होती आणि दोघांचे गुण बरोबरीत होते. हुसेन चढाईला आला आणि पार कोपऱ्यात पकडला गेला. पाच जण त्याच्या अंगावर पडले. आबा धावत गेले, वाकले, डोळे मिटले. हुसेन त्या पाच जणांना घेऊन सरपटू लागला. कसा सरपटला ते मी पाहिलं आहे म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. आबा त्याच्याबरोबर वाकून चालत होते. त्यांनी शिट्टी तोंडाशी नेली, तोच बाजूच्या एका गड्याचा पाय लागून ते धडपडले आणि उलटे फिरले. हुसेनचा हात मधल्या रेघेवर पडला आणि शिट्टी वाजली.

इंदापूरकरांना वाटलं, आपला गुण. त्यांनी टोप्या उडवल्या. आबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“गडी बाद,” ते म्हणाले. “दम तुटला हुता. तोडून मागनं परत धरला. दम चोरलाय.”

दम जाणं वेगळं आणि दम चोरणं वेगळं. दम कुणाचाही जातो. पण मध्येच गुपचूप दुसरा श्वास घेऊन तोच दम चालू आहे असं दाखवणं ही फसवणूक. हुसेन उठला. तोंडात वाळू होती. ती थुंकून म्हणाला, “आबा, काय म्हणालात?”

“ऐकलंस ते.”

“मी चोरला?”

“व्हय.”

हुसेन दोन पावलं त्यांच्याकडे आला. मला वाटलं आता मारामारी. पण तो थांबला, वळला आणि मैदानाबाहेर जाऊन बसला. बारामती एका गुणाने जिंकली. गुण मीच मांडला. दम खरोखर तुटला होता का, असं मला त्यानंतर अनेकांनी विचारलं. टेबलापर्यंत आवाज येत नव्हता, त्यामुळे मला ते तेव्हा सांगता येत नव्हतं आणि आजही येत नाही. हुसेनला पकडणाऱ्यांत आमचा पुढारी गडी गुलाब होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, “आमीच पाच जण हुं हुं करत हुतो. त्याचा कुठला आन् माझा कुठला, मला काय ठावं?”

सामना संपला की माणसं विसरतात. हे मात्र विसरलं गेलं नाही. एसटीने माणसं जात-येत होतीच. त्यांच्याबरोबर तो शब्दही इंदापूरला गेला. दमचोर. बाजारात हुसेनने भाजी तोलायला घेतली की कुणीतरी म्हणे, “हुसेनभाई, काट्याचा दम नका चोरू.” आधी चेष्टा होती. मग एखादी बाई खरंच तराजूकडे वाकून बघू लागली. मग ती शेजारच्या पाटीकडे जाऊ लागली. आमच्या अडत्याकडे इंदापूरचा माल येई, त्या गाडीवानांकडून हे मला कळत असे. मी ते आबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, “मी दमाचं बोललो. काट्याचं लोक बोलत्यात. त्याला मी काय करू?” पण त्यांनी त्या दिवशी शिट्टी गळ्यातून काढून खिळ्याला लावली, हेही मी पाहिलं.

त्यानंतर उन्हाळ्यात त्यांचा उजवा हात पोत्याखाली सापडून सुजला. काकूंनी हळदीचा लेप लावून तो गळ्यात बांधला. तशाच अवस्थेत ते गल्ल्यावर बसले होते, मी शेजारी होतो. जळोचीच्या एक म्हाताऱ्या बाई नारळ घ्यायला आल्या. आबांनी डाव्या हाताने नारळ उचलला, डाव्या कानाशी हलवला, डोळे मिटले आणि तो बाजूला ठेवला.

“कोरडा हाय.”

दुसरा उचलला. “ह्यो बी कोरडा.” तिसरा उचलला. तोही ठेवला.

“अवो आबा,” म्हातारी म्हणाली, “चेष्टा करताय व्हय गरिबाची? हितनं मला खळखळ ऐकू येतीय. माझं वय काय, तुमचं काय!”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही ऐकू आलं होतं. मी मान हलवली. त्यांनी तोच नारळ मान वाकडी करून उजव्या कानाशी नेला, हलवला. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. म्हातारीला वाटलं माणूस बिघडला. तिने हाताला लागेल तो नारळ घेतला आणि ती गेली.

आबांनी राहिलेले नारळ परत पोत्यात ठेवले. मग म्हणाले, “कारकून, हुसेन पडला तवा माझ्या कुठल्या बाजूला हुता?”

मी डोळ्यांपुढे मैदान आणलं. ते टेबलाकडे पाठ करून वाकले होते. ढिगारा त्यांच्या डावीकडे. मी तसं सांगितलं.

“आन् मी धडपडलो त्याच्यानंतर?”

“तोंड टेबलाकडे झालं. मग तो उजवीकडे आला.”

त्यांनी मान खाली घातली. ज्याला ते तुटलेला आणि पुन्हा धरलेला दम समजले होते, त्याचा हिशेब लागला होता. डाव्या कानाशी होता तोवर तो खालचा आवाज त्यांना ऐकूच आला नव्हता. फिरल्यावर उजव्या कानात आला. इतकी वर्षं नारळ उजव्याच हाताने उचलल्यामुळे डावा कान कधी गेला हे त्यांचं त्यांना कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन इंदापूरला गेले. एसटीत ते माझ्या डावीकडे बसले, म्हणजे मी बोलेन ते उजव्या कानात पडावं. हुसेन बागेत वाफ्याला पाणी देत होता. त्याने आम्हाला बसा म्हटलं नाही. आबांनी उभ्यानेच सगळं सांगितलं: नारळ, म्हातारी, डावा कान.

हुसेनने खोरं टेकवलं. “म्हंजे मी दम चोरला न्हवता.”

“तसं मी म्हणत न्हाय.”

“आँ?”

“तू चोरला न्हाईस असं मला म्हणता येत न्हाय. मी ऐकलंच न्हाय, तर तसं तरी कसं म्हणू? न ऐकता शिट्टी मारली, एवढी माझी चूक. तेवढी कबूल. त्याच्या पुढचं बोललो तर ते पुन्यांदा न ऐकता बोलल्यासारखं हुईल.”

मी मनात म्हटलं, आबा, आज तरी एक शब्द जास्त बोला. हुसेनचा चेहरा लाल झाला.

“वा! एवढ्या लांब येऊन निम्मीच चूक आणली व्हय? निम्मी घरी ठेवून आलात?” त्याने खोऱ्याने पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं. “आन् ही तरी हितं कशाला सांगताय? ह्या वांग्यांनी मला दमचोर म्हणलंय का? बदनामी मैदानात झाली. माफी मैदानात मागा.”

“मागतो.”

“बारामतीत. त्याच वाळवंटात. तेच दोन संघ. आन् पंच तुमीच.”

“मला डावीकडनं ऐकू येत न्हाय रं. मी शिट्टी ठेवणार हाय.”

“ठेवा की. ह्यो सामना झाल्यावर ठेवा. तुमच्या शिट्टीनं चोर झालो, दुसऱ्याच्या शिट्टीनं साव हुईन व्हय? उजवीकडनं ऐका.”

आम्ही निघालो तेव्हा त्याची आई मागून आली आणि तिने पेरू पुढे केले. आबांनी डावा हात कपाळाला लावला. “सामना हाय,” ते म्हणाले. “झाल्यावर घेतो.” हुसेनला हसू आलेलं मी त्या दिवशी तेवढंच पाहिलं.

सामना बाजारच्या दिवशी ठरला. बक्षीस नव्हतं, ढाल नव्हती, तरी शेवटच्या सामन्यापेक्षा जास्त माणसं जमली. वाळूवर फक्की मारून रेघा आखल्या. सुरुवातीला आबा मधल्या रेघेवर उभे राहिले आणि त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं: माझा डावा कान गेलेला आहे, मागच्या सामन्यात मी न ऐकता या गड्याला बाद केलं आणि चोर म्हणालो, त्याबद्दल सगळ्यांपुढे माफी मागतो. इंदापूरकडून टाळ्या पडल्या. पण बारामतीकडून कुणीतरी ओरडलं, “आबा, चोरला का न्हाय ते सांगा की!”

“ते मला ठावं न्हाय,” आबा म्हणाले.

लगेच त्या बाजूला हशा झाला. “ए दमचोर, काटा आणलास का?” हुसेन मांडीवर थाप मारत उभा होता. त्याने त्या दिशेला पाहिलंसुद्धा नाही. आबांचं ते खरं बोलणं त्याला किती महाग पडत होतं, हे त्या हशावरून मला कळलं. माफी मागून झाली होती आणि तो शब्द जागच्या जागी होता.

सामना अटीतटीचा झाला. आबा त्या दिवशी सारखे जागा बदलत होते, उजवा कान मैदानाकडे राहावा म्हणून कधी उलटे चालत होते. लोक हसत होते. काही गडीही हसले. आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. शेवटी इंदापूर एका गुणाने पुढे होतं आणि हुसेन चढाईला आला. आता तो आत येऊन नुसता परत गेला असता तरी चाललं असतं. तो थेट कोपऱ्यात शिरला. गुलाबने पाय धरला, बाकीचे पडले. मागच्यासारखाच ढिगारा.

आबा उजवी बाजू करून त्याच्या डोक्याशी वाकले. त्यांनी डोळे मिटले. हुसेन सरपटू लागला. तो खालचा आवाज वाळूत घुसल्यासारखा येत होता आणि दोन्ही बाजूंनी लोक इतके ओरडत होते की आबांच्या कपाळावरची शीर फुगलेली मला टेबलावरून दिसली. हुसेनचा हात पुढे आला, मागे गेला, पुन्हा आला आणि रेघेवर पडला. अंगावरचे गडी सुटून बाजूला झाले.

शिट्टी वाजली नव्हती. आबांनी डोळे उघडले आणि इंदापूरच्या बाजूला हात केला. गडी आत. इंदापूरकर मैदानात धावले. त्यांनी हुसेनला उचलायला हात घातले.

“थांबा,” हुसेन म्हणाला. त्याला धाप लागली होती. तो गुडघ्यांवर बसला, हातांनी माणसं दूर सारली आणि आबांकडे पाहिलं. “आबा, रेघ वीतभर ऱ्हायली हुती तवा गेला दम. मागनं नुसतंच वढत नेलं अंग. मी बाद.”

धावत आलेली माणसं जिथल्या तिथे थांबली. इंदापूरचा एकजण म्हणाला, “अरं, पंचानं दिलाय गुण! तू कशाला...” हुसेनने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. बारामतीच्या बाजूलाही कुणी ओरडलं नाही. काट्याचं नाव काढणारा तिकडेच कुठेतरी उभा असणार.

आबा वाकलेलेच होते. त्यांनी उजव्या कानावर हात ठेवला, जणू तोही तपासून पाहावा.

“मला ऐकू आलं न्हाय रं,” ते म्हणाले.

“मला आलं की,” हुसेन म्हणाला, आणि उठून बाहेर जाऊन बसला.